चतुःसीमा

आषाढातल्या एका पहाटे स्वयंपाकघरातल्या मोरीच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. रात्रभर कोसळून पाऊस दमला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. मी आधी पायपुसणी टाकली, मग गोणपाट टाकलं, मग तांदळाचा डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि फोन घेतला. माझ्याकडे या घराचे तीन नंबर आहेत. एक मालकांचा, ते पुण्याला असतात. दुसरा एजंटचा. तिसरा चावीवाल्या पोराचा, तो इथल्या घरांच्या चाव्या सांभाळतो. मालकांचा फोन दोनदा वाजून थांबला. एजंट 'बघतो' म्हणाला. चावीवाला वीस मिनिटांत दारात, डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ आणि हातात पहार घेऊन.

त्यानं अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं. आत डोकावायच्या आधी कुंपणाच्या भिंतीपलीकडं बघितलं.

"मावशी, पाइप तुंबलेला न्हाई. ओढा आलाय."

"इथं कुठला ओढा?"

"हितनंच जात होता की. लेआउट पाडताना बुजवला. पानी कुठं जातंय? ते आपल्या वाटंनं येतंय."

मग पहारीवर हात टेकून तो सांगत राहिला. ही सगळी जमीन त्याच्या आजोबांची. आमचा ओटा आहे तिथं बांध होता, शेजारच्या कुलूपबंद घराच्या जागी खळं. घरात या तुकड्याला 'मळीची पट्टी' म्हणत. पावसाळ्यात बासमती, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. बेळगावच्या वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारातला तो बासमती ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. भात रटरटायला लागला की वास तिसऱ्या घरापर्यंत जायचा.

या रांगेत आठ घरं आहेत. एकाला एक लागून, तळमजला आणि वर एक मजला, पुढं गाडीपुरती जागा, फाटकावर गणपतीची टाइल. आठांपैकी पाचांना कुलूप. एक गोव्याच्या व्यापाऱ्यांचं, दोन बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या भावांची, एक आखातात असलेल्या कुटुंबाचं, एक निवृत्त सुभेदारांचं, ते मुलाकडं हैदराबादला. उरलेल्या तीन घरांचे मालक एकच, आमचे. त्यांची आणखीही घरं आहेत म्हणतात, हुबळीला आणि धारवाडला. मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही व्हिडिओ कॉलवर. बोलायला सभ्य माणूस. भाडं पाच तारखेला पोचलं की अंगठ्याचं चित्र पाठवतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि हाच माझा सगळा त्रास आहे. तक्रार करायला समोर कुणीतरी असावं लागतं.

माझं लहानपण वडगावातल्या एका वाड्यात गेलं. पुढच्या सोप्यात मालक, मागच्या खणात आम्ही, परड्याकडं आणखी दोन बिऱ्हाडं. एका अंगाला हातमागाचा खड्डा, त्यात वडील बसत. पुढं यंत्रमाग आले तशी गल्लीभर खटखट वाढली आणि वडिलांचा माग थंडावला. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणत. आक्का आमच्या भाड्याच्या तारखेपेक्षा वडिलांच्या साडीची तारीख जास्त सांभाळत. साडी शहापुरात सावकाराकडं गेली की नाही, मजुरी हातात पडली की नाही, हे त्यांना आमच्या आईच्या आधी कळायचं. मजुरी आली नसेल त्या महिन्यात त्या भाड्याचं नावच काढत नसत. आली असेल आणि आम्ही गप्प बसलो तर मात्र तुळशीपाशी उभं राहून सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत.

त्या वाड्याला मी स्वर्ग म्हणणार नाही. विहिरीवर कुणी आधी पाणी शेंदायचं यावरून भांडणं होत. आक्कांच्या सोप्यात आम्हा मुलांनी कुठवर जायचं याची एक न आखलेली रेघ होती, आणि परड्याकडच्या एका बिऱ्हाडासाठी ती आणखी अलीकडं होती. मंगाईच्या यात्रेला त्याच आक्का सगळ्यांना वाढायच्या, पण ताटं वेगळी असायची. हे मी विसरलेले नाही. तरी एक गोष्ट खरी. कौल फुटलं तर आक्कांच्या उशीवरही पाणी टपकत होतं. आढं एकच होतं. आमचा पावसाळा आणि त्यांचा पावसाळा वेगळा नव्हता.

आक्का गेल्यावर मुलांत वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला, त्या जागी तीन मजले उभे राहिले. आम्ही तेव्हा बाहेर पडलो ते आजवर भाड्याच्याच घरात आहोत. घर का बांधलं नाही असं लोक विचारतात. सासूबाईंचं दुखणं, मुलीचं शिक्षण, यजमानांची उद्यमबागची फाउंड्री मध्येच बंद पडणं. एक गुंठा घेऊ म्हणेपर्यंत भाव दीड गुंठ्याचा होऊन बसायचा. यात नवल काही नाही. आमच्या वयाच्या किती घरांची हीच गोष्ट आहे.

नवल वेगळंच आहे, आणि ते मी नोकरीत पाहिलं. सत्तावीस वर्षं मी इथल्या एका पतसंस्थेत कर्जविभागात काढली. सुरुवातीला घरासाठी कर्ज मागायला येणारा माणूस घराचा नकाशा घेऊन यायचा. देवघर कुठं, आईला जिना नको म्हणून खोली खाली, बोअर मारायची की नाही, हे सगळं न विचारता सांगायचा. हळूहळू येणाऱ्यांच्या हातात नकाशाऐवजी प्लॉट नंबर आला. 'मॅडम, दोन घेतोय, एक तीन वर्षांनी काढायचा.' ज्या जागेवर राहायचंच नाही तिचं तोंड पूर्वेला आहे का पश्चिमेला, हे त्याला ठाऊक नसायचं. हलग्याला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ साली उभा राहिला, हिवाळ्यात अधिवेशन भरायला लागलं, तशी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत रंगीत झेंडे आणि लेआउटच्या कमानी दिसायला लागल्या. चंदगड-खानापूरकडून दवाखान्याला, कॉलेजला, कारखान्याला येणारी माणसं बेळगावात खोली शोधत फिरत होती आणि आमच्या टेबलावर कुणी राहणारच नाही अशा घरांची कर्जं मंजूर होत होती. मीही त्यावर सह्या केल्या. तारण पुरेसं होतं, कागद बरोबर होते.

हिशेब मांडला की हे कसं घडतं ते उमगतं. आपल्याकडं घराच्या किमतीच्या मानानं वर्षाचं भाडं शेकडा दोन-तीन रुपये सुटतं. बँकेत ठेवलेली ठेव त्याहून जास्त देते. म्हणजे भाड्यासाठी कुणी घर घेत नाही. जमिनीचा भाव वाढेल म्हणून घेतात. मग भाडोत्री कशाला? तो खिळे ठोकणार, रंग मागणार, उठ म्हटल्यावर उठणार नाही अशी भीती. कुलूप बरं. कायद्यानंही कुलपाला बळ दिलं. पूर्वी राहतं घर सोडून दुसरं घर रिकामं ठेवलं तरी त्याचं भाडं आलं असतं असं धरून प्राप्तिकर लागायचा. २०१९ च्या अर्थसंकल्पानं दुसऱ्या घराचा तोही काढला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमची रांग आली नव्हती, कारण तेव्हा इथं भात होतं.

माझी भाची अमेरिकेत शार्लट नावाच्या शहरात राहते. तिनं पहिल्यांदा घर दाखवलं तेव्हा मी कौतुकानं पाहिलं: पुढं हिरवळ, मागं अंगण, दोन गाड्यांची जागा. मालक कोण विचारलं तर म्हणाली, "मावशी, माणूस नाही गं, कंपनी आहे." मला आधी कळेना. कंपनी म्हणजे इमारत बांधणारी असेल. नव्हे, एकेकटी, सुटी घरं विकत घेऊन भाड्यानं देणारी. मग तिच्याकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते असं. २००८ च्या मंदीत तिथल्या लाखो लोकांची घरं कर्जापायी बँकांनी जप्त केली. ती पडत्या भावानं लिलावात निघाली तेव्हा मोठमोठे गुंतवणूक फंड पुढं झाले. त्यातल्या ब्लॅकस्टोननं २०१२ साली इन्व्हिटेशन होम्स नावाची कंपनी काढली. आज ती ऐंशी हजारांहून जास्त घरं सांभाळते. त्या घरांच्या येणाऱ्या भाड्यावर २०१३ साली रोखे काढून तेही बाजारात विकले गेले. कुणाच्या तरी चुलीचं भाडं, आणि त्याचे तुकडे कुठल्या तरी पेन्शन फंडाच्या कपाटात.

आकडे नीट पाहायला हवेत, कारण या गोष्टीत भडक बोलणं सोपं आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानं २०२४ साली जो अहवाल दिला त्यानुसार अशा मोठ्या गुंतवणूकदारांकडं साऱ्या देशातल्या भाड्याच्या सुट्या घरांपैकी तीनच टक्के घरं आहेत. पण ती सगळीकडं सारखी विखुरलेली नाहीत. अटलांटात तो वाटा पंचवीस टक्के, भाचीच्या शार्लटमध्ये अठरा. पाऊस सरासरीनं पडत नाही. ज्या शिवारात पडतो तिथं बांध फुटतात. पहिलंच छोटं घर घेऊ पाहणारं जोडपं अशा शहरात ज्याच्याशी बोली लावतं तो रोकडीनं, न बघता, एका दिवसात घेणारा असतो.

तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ च्या सप्टेंबरात इन्व्हिटेशन होम्सवर कारवाई केली. जाहिरातीत भाडं एक सांगायचं आणि मग स्मार्ट कुलपाचे, हवा गाळायची जाळी घरपोच पाठवण्याचे असे न टाळता येणारे आकार त्यावर चढवायचे, अनामत अन्यायानं कापून घ्यायची, असे आरोप होते. कंपनीनं चार कोटी ऐंशी लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली. हे वाचताना मी दोनदा थांबले. तिथं निदान एक सरकारी खातं उठलं आणि पैसे परत करायला लावले. भाचीची कंपनी दुसरीच आहे आणि तिचा अनुभव वाईट नाही. गळकं छप्पर दोन दिवसांत दुरुस्त झालं. मोबाइलवर फोटो टाकला, माणूस आला. "पण मावशी," ती म्हणाली, "तीन वर्षांत मी कुणाला दिवाळीचा फराळ द्यायचा तेच कळलं नाही."

आमच्याकडं कंपनी नाही. आमच्याकडं आपलीच माणसं आहेत: डॉक्टर, कंत्राटदार, आयटीतली मुलं, आखातातून घाम गाळून पैसे पाठवणारे. त्यातल्या कुणाला मी लुटारू म्हणू शकत नाही. त्यांना बँकेचा विश्वास नाही, शेअर बाजाराचं भय आहे, सोनं घरात ठेवता येत नाही, पेन्शन नाही. मग जमीन. पण अमेरिकेतल्या कंपनीला निदान भाडोत्री लागतो, भाडोत्री हे तिचं पीक आहे. इथं पीक म्हणजे जमिनीचा भाव, आणि त्या पिकात राहणारा माणूस हा तण. मला आजवर तीन घरांतून उपटलं गेलं, तिन्ही वेळा घर विकलं म्हणून, आणि तिन्ही वेळा अकरा महिन्यांच्या कागदाकडं बोट दाखवून. हे अकरा महिने कुठून आले ते आमच्या पतसंस्थेतल्या शिपायालाही पाठ होतं: १९०८ च्या नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो, म्हणून अकरा. कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा, पण महिना ३,५०० रुपयांच्या वर भाडं गेलं की तो लागूच होत नाही. आज त्या भाड्यात बेळगावात काय मिळतं ते खोली शोधणाऱ्या पोरांना विचारा.

दुसरी वाट 'लीज'ची. आपल्या बाजूला सर्रास चालते. चार-पाच लाख एकरकमी मालकाला द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याचं राहायचं, उठताना रक्कम परत. ऐकायला गोड. एका शाळेतल्या शिक्षक नवरा-बायकोनं मुलीच्या लग्नाची पुंजी अशी गुंतवली होती आणि मालकानं तेच घर आधीच तारण ठेवलेलं होतं. जप्तीची नोटीस दारावर लागली तेव्हा ते आमच्या टेबलासमोर येऊन बसले. मी कागद पाहिले. त्यांच्याकडं शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर एक करार होता आणि बँकेकडं नोंदवलेलं गहाणखत. बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं. ते झाकण लावणं मला अजून दिसतं.

त्या आषाढातल्या सकाळी चावीवाल्यानं कुंपणाच्या तळाशी पहारीनं एक भोक पाडलं. पाणी मागच्या मोकळ्या प्लॉटात उतरायला लागलं आणि तासाभरात मोरी शांत झाली. मी चहा केला. पायरीवर बसून त्यानं आजोबांचं सांगितलं. आजोबा मुळात कूळ होते. जमीन शहरातल्या एका घराण्याची, कसायचे हे. १९७४ साली देवराज अर्स यांच्या सरकारनं कूळकायदा बदलला, कसेल त्याची जमीन झाली. आजोबांनी फॉर्म नंबर सात भरला आणि ट्रिब्युनलपुढं चार वर्षं खेटे घालून मळीची पट्टी नावावर करून घेतली. तो फॉर्मचा नंबर या पोराला माहीत आहे, त्याचा जन्मही तेव्हा नव्हता. शेतकरी नसलेल्यानं शेतजमीन घेऊ नये अशी अटही त्याच कायद्यात होती. ती २०२० साली राज्यानं काढून टाकली. यांची पट्टी मात्र त्याच्या आधीच गेली होती. बळ्ळारी नाल्याचा पूर दरवर्षी भातात शिरायचा, पीक कुजायचं, चुलत्यांना वाटण्या हव्या होत्या, एकानं सही केली की दुसऱ्याचा तुकडा अडकून पडायचा. शेवटी सगळ्यांनी दिली. पैशात दोन बहिणींची लग्नं, एक गाडी, गल्लीतल्या घरावर स्लॅब. आता तो या रांगेतल्या सात घरांच्या चाव्या सांभाळतो, घरामागं महिन्याला काही ठरलेले पैसे. महिन्यातून एकदा बंद घरं उघडतो, नळ सोडतो, जाळी झाडतो, दिवे लावून बघतो.

"एकटाच फिरतोस रिकाम्या घरांतनं?"

"काय करूया मावशी. पाय वळत्यात."

आजोबांना कायद्यानं कुळाचा मालक केलं, आणि नातू त्याच जमिनीवर दुसऱ्यांची कुलपं उघडतोय. मी त्याच जमिनीवर अकरा-अकरा महिने मोजतेय. आम्हा दोघांत चहाचे दोन कप होते, आणि ज्यांचं ते घर आहे त्यांचा फोन तेव्हा आला. "सॉरी, मीटिंगमध्ये होतो. काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं, पाणी उतरलं. त्यांनी अंगठा पाठवला.

शेतात ज्यानं घाम गाळला त्याचा जमिनीवर काही हक्क बनतो, हे आपल्या राज्यानं एकदा मान्य केलं होतं. घरात जो राहतो, भिंतीला पोपडा आला की आधी ज्याला दिसतं, त्याचा मात्र काहीच बनत नाही. मला मालकी नको. मला पाच वर्षांचा कागद हवा. रिकाम्या घरावर कर हवा, निदान महापालिकेचा, म्हणजे कुलूप स्वस्त पडणार नाही. आणि भाड्यानं घर देणाऱ्यानं गावात एक माणूस नेमावा, ज्याचं नाव कागदावर असेल, ज्याला मध्यरात्री फोन केला तर तो 'बघतो' न म्हणता येईल. आमच्याकडं असा माणूस आहे, पण कागदावर तो नाही.

गेल्या महिन्यात करार पुन्हा झाला. दहा टक्के वाढ, मी घासाघीस करून आठवर आणली. ई-स्टॅम्प निघाला, एजंटनं कागद छापून आणला, मालकांची सही कुरिअरनं आधीच आली होती. साक्षीदार म्हणून चावीवाल्याला बोलावलं. त्यानं सही करायच्या आधी सगळा कागद वाचला, ओळीवर बोट ठेवत, जसे त्याचे आजोबा उतारा वाचत असतील. खाली घराची चतुःसीमा होती, कानडीत चक्कबंदी. पूर्वेस प्लॉट नंबर पंधरा, पश्चिमेस प्लॉट नंबर सतरा, दक्षिणेस तीस फुटी रस्ता, उत्तरेस खासगी मिळकत.

त्याचं बोट पूर्वेवर थांबलं.

"मावशी, हे चुकलंय. पूर्वेला वढा लिवा की."

एजंट हसला, म्हणाला, अरे ते रेकॉर्डवर नाही. पोरगा हसला नाही. त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी पर्समधलं पेन काढलं आणि छापील ओळीच्या वर, बारीक अक्षरात, 'ओढा' लिहिलं. दोघांनी त्यापुढं आद्याक्षरं घातली.